शोभा हसली नाही

सावनेरहून पाहुण्यांच्या गाड्या निघाल्याचा फोन आला, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात आणखी एक रोटी फाटली.

वच्छलाने ती फाटताना पाहिली. शोभाने कणकेचा सैल गोळा हातांवर घेतला, या मनगटावरून त्या मनगटावर झुलवत पातळ करत नेला, हात खांद्यापर्यंत उचलले, आणि तिथून ते आपोआप खाली आले. सावकाश, बसल्याबसल्या झोप लागलेल्या माणसाची मान खाली यावी तसे. उपड्या मडक्यावर पडायची ती लांब रोटी चुलीच्या कडेला लोंबत राहिली.

"राहू दे आता," वच्छला म्हणाली. "अर्ध्या लकडगंज मोहल्ल्याले रोट्या खाऊ घातल्या तू. अन् माह्या घरचे पाहुणे आले की तुझे हात दुखतात."

"दुखत नाहीत ताई. उचलतच नाहीत."

"सकाळी तर उचलत होते. अंगणभर रांगोळी काढली, ते पाहिलं नाही का मी?"

शोभाने नणंदेकडे पाहिलं, आणि पाहतानाही एक डोळा हाताने झाकून घेतला. अलीकडे तिची ही नवीनच सवय झाली होती. विचारलं तर म्हणायची, दोन-दोन दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरने चष्मा बदलून दिला होता. दुसऱ्या डॉक्टरने रक्त तपासून अशक्तपणाच्या गोळ्या दिल्या होत्या. वच्छलाचं स्वतःचं निदान वेगळं होतं. उन्हाळ्यात तिने या घरात शोभाच्या मुलीसाठी, रितिकासाठी स्थळ आणलं. मुलगा अंकुश तिच्या चुलत जावेचा, इंदूबाईचा. सावनेरला कापसाचा व्यापार, घरची शेती, मुलगा निर्व्यसनी. शोभाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरगा चांगला आहे ताई. पण त्यायले घरी बसणारी सून पाहिजे. माझी पोट्टी मिहानमधली कंपनीची नोकरी काहून सोडंन?"

"नोकरीचं मंग पाहू," वच्छला म्हणाली होती, आणि ते 'मंग' कधी आलंच नव्हतं. आई गेल्यावर वसंत आणि धर्मेंद्र या दोन्ही भावांना तिनेच वाढवलं होतं. वखारीत सागवानाचा मोठा माल घ्यायचा की नाही हे अजूनही ते सावनेरला फोन लावून विचारत. शोभाच्या नवऱ्याने, वसंतने होकार दिला, आणि तेव्हापासूनच शोभाच्या पापण्या मिटू लागल्या, आवाज नाकातून येऊ लागला. संध्याकाळी फोन करावा तर शोभा दोन वाक्यांतच गुरगुरल्यासारखी बोलायची. सकाळी म्हणे ठणठणीत. असा कोणता आजार घड्याळ पाहून येतो?

तासाभराने बाहेर गाड्यांचे दरवाजे वाजले.

"चेहरा नीट कर," वच्छला म्हणाली. "त्यायच्यासमोर असं तोंड घेऊन नको येऊ."

साक्षगंध चांगलं चाललं होतं. रितिका पाटावर बसली, इंदूबाईने तिला कुंकू लावलं, साडी दिली, ओटी भरली. अंकुशने अंगठी घातली तेव्हा रितिका खरंच लाजली, आणि वच्छलाला वाटलं, चला, एकदाचं तडीला गेलं. मग फोटोवाल्याने दोन्ही विहिणींना शेजारी उभं केलं.

"काकू, जरा हसा ना."

शोभा हसली. म्हणजे तिचा वरचा ओठ वर गेला आणि दात दिसले. गाल मात्र जिथल्या तिथे राहिले, ओठांचे कोपरे उचललेच नाहीत. डावी पापणी अर्ध्या डोळ्यावर उतरली होती. पानात नको ते वाढल्यावर माणूस करतो तसं ते तोंड झालं होतं, आणि ते तोंड नेमकं इंदूबाईकडे वळलं होतं.

इंदूबाईचं हसू विरलं. फोटो झाल्यावर ती वच्छलाच्या कानाशी आली.

"विहीणबाईच्या मनात नाही दिसत."

"थकल्या त्या. दोन दिवसांपासून घसा धरला आहे, ताप होता."

"थकलेलं तोंड मले समजते वच्छलाबाई. लहान पोरगी नाही मी."

वच्छलाचे कान तापले. या बाईच्या घराला लागून तिचं घर होतं, तिला उद्याही तिच्यासमोर उभं राहायचं होतं. तिने शोभाचं मनगट धरलं आणि तिला आतल्या खोलीत नेलं.

"काय करून राहिली वं तू? हे हसणं होय?"

"मी हसून..." शोभाचा आवाज पडला, "...हसूनच राहिली ताई." शेवटचा शब्द नाकातच गेला.

"पोरीच्या साक्षगंधात नाटकं करतेस? राग माह्यावर होता तर माह्याशी भांडायचं होतं. इंदूचा अपमान कायले केला?"

शोभाने मान हलवली. मान हलली आणि पुढे झुकली. ती हनुवटीखाली हात देऊन मान सावरू लागली, आणि तेही वच्छलाला नाटकच वाटलं. तिने पेला भरून समोर धरला.

"पाणी पी, तोंड पूस, अन् बाहेर ये."

शोभाने घोट घेतला. पाणी गिळलं गेलंच नाही. ते नाकातून बाहेर आलं. तिला ठसका लागला, पण ठसक्यालाही जोर नव्हता. छाती हलत होती आणि आवाज निघत नव्हता. ओठ निळसर पडू लागले. तिने वच्छलाच्या खांद्याला धरायला हात उचलला आणि तो अर्ध्यातूनच खाली पडला.

"रितिका!" वच्छला ओरडली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

*

रितिकाला नंतर आठवायचं ते हे, की धर्मेंद्रकाका गाडी चालवत होते आणि प्रत्येक सिग्नलला हॉर्न दाबून धरत होते. बाबा पुढे बसले होते आणि दर मिनिटाला मागे वळून बघत होते. मागे आईला टेकवून बसवलं होतं. तिची मान रितिकाने धरली होती, आणि पलीकडून वच्छलाआत्या आईच्या तोंडातली लाळ स्वतःच्या जरीच्या पदराने पुसत होती.

"आई, श्वास घे. माझ्याकडं बघ."

आई बघत होती. बुबुळं रितिकाकडे वळायचा प्रयत्न करत होती आणि पापण्या त्यांच्यावर उतरत होत्या.

"पाहुण्यायले काय सांगितलं?" काकांनी विचारलं.

"पोटात गडबड झाली म्हणून," आत्या म्हणाली. "जेवण करून घ्या म्हटलं."

"आत्या, आता ते राहू दे ना!"

इस्पितळात आईला व्हीलचेअरवरून आत नेलं. आलेल्या डॉक्टरीणबाईंचं नाव बारापात्रे होतं. वयाने फार मोठ्या नव्हत्या, घाईत होत्या, पण त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्या थांबल्या.

"हे कधीपासून?"

"अशक्तपणा आहे," बाबा म्हणाले.

"टेन्शन," काका म्हणाले.

"उन्हाळ्यापासून," रितिका म्हणाली. "सकाळी बरी असते. दिवस चढला की पापण्या पडतात. भाकर चावता चावता जबडा थकतो, मग हाताने हनुवटी धरून चावते. मी दोघा डॉक्टरांना सांगितलं होतं."

"थकते आणि विश्रांती घेतली की पुन्हा बरं वाटतं?"

"हो."

डॉक्टरांनी आईला वर छताकडे बघत राहायला सांगितलं. दोन्ही पापण्या हळूहळू खाली सरकत गेल्या. मग एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. आई सातावर थांबली. डॉक्टरांनी नर्सकडे पाहून काहीतरी पटकन सांगितलं आणि खाटेभोवती धावपळ सुरू झाली. कुणी ऑक्सिजन लावला, कुणी यंत्र ओढत आणलं. ते जोडेपर्यंतच्या वेळात डॉक्टरांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरून मागवला आणि तो आईच्या डाव्या पापणीवर धरला.

"हे कायले?" आत्याने विचारलं. तिला बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण ती गेली नव्हती.

"बघा तुम्हीच."

थोड्या वेळाने डॉक्टरांनी बर्फ काढला. आईचा डावा डोळा उघडला होता. पूर्ण. अगदी पूर्वीसारखा. उजवी पापणी तशीच खाली होती, आणि त्या एका उघड्या डोळ्याने आई सरळ आत्याकडे बघत होती.

आत्या एक पाऊल मागे सरकली. तिच्या डोळ्यांदेखत ती पापणी परत उतरू लागली.

"मायस्थेनिया ग्रॅव्हिस," डॉक्टर म्हणाल्या. "रक्ताची तपासणी पाठवते, पण मला फारशी शंका नाही. आता श्वासाचे स्नायूही थकलेत. घशाच्या संसर्गाने आजार एकदम उसळला असणार. नळी टाकून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. सही कोण करतंय?"

बाबांनी सही केली. त्यांच्याकडून स्वतःचं नाव नीट लिहिलं गेलं नाही.

नळी टाकून झाल्यावर डॉक्टर बाहेर आल्या. चौघंही उभेच होते, खुर्च्या रिकाम्या होत्या.

"मॅडम, मेंदूत काही आहे का?" बाबांनी विचारलं.

"मेंदू ठीक आहे, नसाही ठीक आहेत. मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत येतो. पण नस आणि स्नायू चिकटलेले नसतात, मध्ये बारीक फट असते. नसेच्या टोकातून एक रसायन सुटतं, फट ओलांडून जातं आणि स्नायूवर त्याच्यासाठीच्या ठरलेल्या जागांवर बसतं. तेव्हा कुठे स्नायू हलतो. यांच्या रक्तात त्या जागांविरुद्धच अँटिबॉडी तयार झाल्या आहेत."

"अँटिबॉडी तर चांगल्या असतात ना?" रितिका म्हणाली.

"जंतूंविरुद्ध असल्या तर. इथे शरीराने स्वतःचाच भाग परका समजला. काही जागा अडल्या, काही नष्ट झाल्या. सुरुवातीला थोडाफार हुकूम पोचतो, स्नायू वापरत गेलं की तो अपुरा पडत जातो. म्हणून सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट."

"म्हणजे ती..." आत्या थांबली. "ते हसणं..."

"चेहऱ्याचे स्नायू तेच आहेत. हसायला गेलं तर चेहरा असा होतो. पाहणाऱ्याला वाटतं माणूस चिडला आहे."

आत्या भिंतीला टेकली. रितिकाला तिला काहीतरी तोडून बोलायचं होतं. दुपारपासून तोंडाशी आलं होतं. पण आत्याच्या जरीच्या पदरावर आईची लाळ वाळलेली दिसली, आणि ती नुसतीच तिथून निघून दुसऱ्या टोकाला गेली.

*

वसंतला बसवत नव्हतं. तो जिन्यापाशी जायचा, खाली बघायचा, परत यायचा. आयुष्यभर त्याने सागवानाच्या ओंडक्यावर हात फिरवून आतला पोकळपणा ओळखला होता. आणि उन्हाळ्यापासून ज्या बाईच्या शेजारी तो झोपत होता, तिला काय झालंय हे त्याला कळलं नव्हतं. एकदा तर तो तिला म्हणाला होता, "ताईसमोर तरी जरा हसून बोलत जा."

तीन दिवस झाले होते. शोभाच्या रक्तातला द्रव भाग यंत्रातून काढून त्याच्याबरोबर त्या अँटिबॉडी बाहेर काढत होते आणि बदली द्रव आत सोडत होते. एकदा झालं होतं, आणखी काही वेळा करायचं होतं. छातीच्या स्कॅनमध्ये हाडामागच्या ग्रंथीला गाठ दिसली होती. थायमस. या आजाराचं मूळ पुष्कळदा तिथे असतं, डॉक्टर म्हणाल्या. बाई सावरल्या की ऑपरेशन करून काढू.

"इंदूचा दोनदा फोन आला," वच्छला म्हणाली. "म्हणते, पोटात गडबड तर तीन दिवस कसे लागले?"

"जेवणातून विषबाधा झाली म्हण," धर्मेंद्र म्हणाला.

"तुह्या घरचंच जेवण जेवले ते. त्यायले काही झालं नाही अन् हिलेच झाली?"

"मग कावीळ म्हण. ताई, लोक आहेत ना. आजाराचं नाव ऐकलं की आधी विचारतील, पोरीले होईन का. साक्षगंध मोडलं तर रितिकाचं काय?"

"काही होत नाही माझं," रितिका म्हणाली. ती खिडकीत उभी होती, कामाचा लॅपटॉप कठड्यावर उघडा ठेवून. "डॉक्टरांनी सांगितलं, हा लागट नाही. आईचा म्हणून मुलीला होतोच असंही नाही. सरळ सांगा त्यांना. मोडायचं असेल तर आताच मोडू द्या."

"तू लहान आहे," वच्छला म्हणाली. "तुले काय माहीत, लोकायचं बोलणं कसं असते. मी सावनेरले राहतो. मले रोज ऐकावं लागंन."

"म्हणजे हे तुझ्यासाठी आहे. माझ्यासाठी नाही."

"रितिका!" धर्मेंद्र ओरडला.

सगळे वसंतकडे बघू लागले. असंच व्हायचं. वच्छला एक बोलायची, कुणीतरी दुसरं बोलायचं, आणि मग सगळे वसंतकडे बघायचे, आणि वसंत वच्छलाकडे.

"मला वाटतं..." तो म्हणाला, "आधी तिला शुद्धीवर येऊ द्या."

रितिकाने लॅपटॉप मिटला. "बाबा, ती शुद्धीवरच आहे. पहिल्या दिवसापासून. डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं. तुम्ही ऐकलं नाही."

तिने बॅग उचलली आणि ती त्याच्या अंगावरून जिना उतरून गेली. वसंत तिच्यामागे चार पायऱ्या गेला. मग तिथेच उभा राहिला. वर बहीण होती आणि खाली पोरगी, आणि त्याला दोन्हीकडे जावंसं वाटत होतं. शेवटी तो खाली गेला.

*

शोभाला सगळं ऐकू येत होतं.

यंत्राचा आवाज, नर्सांच्या चपला, पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं कण्हणं. ती सांगायची, उघडा डोळे. डोळे उघडत नसत. ती सांगायची, बोट हल. बोट कधी हलायचं, कधी नाही. स्वतःच्याच अंगात कोंडल्यासारखं झालं होतं. पहिल्या दिवशी ती घाबरून घाबरून दमली. मग घाबरण्याचीही ताकद उरली नाही, फक्त एक तळमळ राहिली. खाज आली तर खाजवता येत नव्हती. घशातली नळी बोचत होती ते सांगता येत नव्हतं.

भेटीच्या वेळेत दोन जणांना सोडत. आज वच्छलाताई आणि धर्मेंद्र आले होते. बोलण्यावरून तिला ते कळलं.

"झोपली आहे," धर्मेंद्र म्हणाला.

"हो. इंदूले मी सांगून टाकलं, कावीळ आहे म्हणून. दोन महिन्यांत लग्न उरकून घेऊ. एकदा पोट्टी त्या घरी गेली की मंग काय कोण म्हणणार?"

"अन् नोकरी?"

"ते इंदूनं सांगितलंच. लग्नाच्या आधी राजीनामा. मी हो म्हटलं."

शोभाच्या छातीत काहीतरी उसळलं. यंत्र एकदम टूं टूं वाजू लागलं. ती ओरडत होती, पूर्ण जोर लावून ओरडत होती, आणि खाटेवर काहीही हललं नव्हतं. मग तिने ओरडणं सोडलं आणि सगळा जोर उजव्या हाताच्या बोटांत नेला. हात पडला होता तिथे कापड लागत होतं. ताईच्या साडीचा पदर असावा. तिने बोटं मिटली. दोनच मिटली. पण मिटली.

"थांब थांब," वच्छलाचा आवाज बदलला. "धर्मेंद्र, हे पाह्य."

नर्स येऊन यंत्र बघून गेली. "पेशंटला सगळं कळतंय बरं का," ती जाता जाता म्हणाली. "जपून बोला."

धर्मेंद्र बाहेर गेला असावा. खाटेजवळ स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"ऐकून राहिली होती का वं तू?"

शोभाने पदर ओढला. जेमतेम.

"त्या दिवशीचंबी? खोलीतलं?"

त्या दिवशीचं तर ती उभ्याने ऐकत होती. तिने बोटं तशीच ठेवली.

"मले काय माहीत होतं," वच्छला म्हणाली, आणि तिथे थांबली. तिने शोभाच्या नाकाशेजारी, नळीच्या पट्टीखाली जिथे सकाळपासून खाज येत होती, तिथे पदराच्या टोकाने हळूच पुसलं. तिला ते कसं कळलं कोण जाणे. कदाचित कळलं नसेलही. शोभाच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"रडू नको. नळी आहे घशात, त्रास होईन." शोभाचे डोळे टिपून ती म्हणाली, "इंदूले खरं सांगू का? सांग म्हणत असशीन तर ओढ."

शोभाने ओढलं.

"मोडलं तर?"

शोभाने पुन्हा ओढलं. यावेळी तीन बोटं मिटली.

*

नळी निघाल्यावर शोभाला वॉर्डात आणलं. दिवसातून ठरलेल्या वेळी गोळ्या सुरू झाल्या होत्या. गोळी घेतली की अर्ध्या तासात पापण्या उघडत, घोट उतरे. मग काही तासांनी सगळं पुन्हा जड होऊ लागे. स्टिरॉइडही चालू होतं. बरं व्हायला महिने लागतील, डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, आणि औषध वर्षानुवर्षं चालू शकतं. रितिका ऑफिसातून थेट इकडे येई. वसंत जेवणाचा डबा आणी आणि तो उघडून स्वतः समोर बसे, प्रत्येक घोटाला तिच्या घशाकडे बघत. तो फार बोलत नसे. काल एकदा म्हणाला, "तू त्या वेळी सांगत होती. मी ऐकलं नाही." ती म्हणाली, "आता ऐका," आणि त्याला रस्सा पातळ करायला लावला.

इंदूबाई आली ती दुपारी. गोळीचा जोर उतरायची ती वेळ होती, पण येणाऱ्याला ते कसं ठाऊक असणार? तिच्याबरोबर वच्छला होती. रितिका खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, वसंत दाराशी.

इंदूबाई स्टूलवर बसली, हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून.

"वच्छलाबाई माह्या घरी आल्या होत्या," ती म्हणाली. "सगळं सांगितलं. काविळीचं खोटं होतं तेबी सांगितलं. मले राग आला, खोटं कायले बोलणार. दोन दिवस मी त्यायच्याशी बोलली नाही."

इंदूबाईने मांडीवरची पिशवी सावरली.

"अन् त्या फोटोचं सांगितलं. मी तर सगळ्या सावनेरले सांगून आली होती, विहीणबाईनं मले पाहून तोंड वाकडं केलं म्हणून. अंकुश म्हणते, त्याले काही फरक पडत नाही. मी डॉक्टरीणबाईलेबी विचारून आली आता. पोरीले होईनच असं नाही म्हणाल्या. मंग आमचं काही म्हणणं नाही. ऑपरेशन होऊन जाऊ द्या, मंग तारीख धरू. रितिकानं तवर राजीनामा द्यावा, म्हणजे तुमची सेवाबी होईन अन्..."

"इंदूबाई," शोभा म्हणाली.

आवाज स्पष्ट निघाला. तिला स्वतःलाच बरं वाटलं. पण तिला आता हेही माहीत झालं होतं की हा आवाज फार वेळ टिकणार नाही. पाच-सहा वाक्यं, मग शब्द नाकात जातील, मग जीभ ऐकणार नाही. आजाराचं बोलायचं तर त्यातच सगळे शब्द संपतील. आभाराचे शब्द, माफीचे शब्द, तेही होते. तिने ते बाजूला सारले.

"पोरगी नोकरी सोडणार नाही. माझ्या सेवेसाठी नाही, अन् लग्नासाठीबी नाही. हे मी उन्हाळ्यातच म्हटलं होतं. तुमच्यापर्यंत..." आवाज घसरला. "...आलं नाही ते. ती शिकली, तिनं..."

पुढचं तिला नीट ठाऊक होतं. तिनं स्वतःच्या जिवावर हे मिळवलं. तुमच्या घरी ती सून म्हणून येईल, कैदी म्हणून नाही. चालत असेल तर हो म्हणा, नाही तर मोकळेपणी नाही म्हणा, मनात राग राहणार नाही. तिने ते सगळं म्हटलं. तोंडातून मात्र नुसता घोगरा, ओला आवाज बाहेर पडला, ज्यात एकही शब्द सुटा नव्हता. डावी पापणी उतरू लागली. इंदूबाई पुढे वाकली, कान जवळ आणला, गोंधळून रितिकाकडे बघू लागली. रितिका पुढे येत होती, पण तिच्या आधी वच्छला बोलली.

"ती म्हणते, पोट्टीनं ते आपल्या जिवावर मिळवलं."

शोभाने तिच्याकडे पाहिलं. अर्ध्या डोळ्याने. आणि पुन्हा बोलली.

"म्हणते, तुह्या घरी सून म्हणून येईन, कोंडून ठेवाले नाही येणार." वच्छला शोभाच्या ओठांकडे एकटक बघत होती. कपाळावर आठ्या होत्या. भर वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल अशा सावनेरी आवाजात ती एकेक शब्द मोजून बोलत होती. "पटत असंन तर हो म्हण. नसंन पटत तर आत्ताच नाही म्हण. आम्हाले राग नाही येणार."

दाराशी वसंत सरळ उभा राहिला. "हो," तो म्हणाला. "असंच आहे आमचं."

शोभा थकून उशीवर टेकली.

इंदूबाईने पिशवी मांडीवरून खाली ठेवली. ती आधी शोभाकडे बघत राहिली, मग वच्छलाकडे, जिच्या भिंतीला भिंत लावून तिचा संसार होता आणि जिने तिला राजीनाम्याचा शब्द दिला होता.

"वच्छलाबाई," तिने विचारलं, "हे त्या म्हणून राहिल्या, का तुम्ही?"

"आम्ही दोघी म्हणून राहिलो," वच्छला म्हणाली.